हावोदने टोल भरला

"डावीकडे, काका! डावीकडे म्हणते ना मी!"

एमरिसकाकांनी डावीकडे पाहिलं, पाटी पाहिली, मान हलवली आणि जीप सरळ पुढे काढली. तिसऱ्यांदा. बर्मिंगहॅम शहराच्या पोटाभोवती जो मोठा गोल रस्ता आहे, त्यावर आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरत होतो. मागून भोंगे वाजत होते. शेजारून एक बस इतकी चिकटून गेली की काकांच्या कुत्र्यानं, मॉटनं, मागच्या पेंढ्यातून डोकं वर काढलं आणि तिच्यावर भुंकून घेतलं. काकांना कशाचं काही नाही. दिसेल त्या गाडीला ते स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करत होते.

आमच्या वेल्समधल्या खोऱ्यात ती रीत आहे. रस्ता एवढा चिंचोळा, की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. आणि समोरचा एक तर नात्यातला असतो, नाहीतर ज्याचा मेंढा आपण उसना आणलाय असा तरी. तेव्हा बोट उचलायचं. न उचलणारा माणूस म्हणजे आजारी, नाहीतर इंग्लंडचा.

"काका, इथं कुणी बघत नाही हो तुमच्याकडे. बोट दुखेल."

"आणि एखादा ओळखीचा निघाला तर? म्हणेल, हावोदचा एमरिस शहरात गेला आणि शेफारला."

हावोद हे त्यांच्या शेताचं नाव. आमच्याकडे आडनावं दोनचारच, त्यामुळे माणूस शेताच्या नावानं ओळखला जातो. एमरिस हावोद. वय ऐंशीच्या घरात, लग्न केलं नाही, डोंगरावर मेंढ्या, दारात कुत्रा आणि ही वडिलांनी घेतलेली जीप, एवढा संसार. मी मेन्ना, त्यांच्या खालच्या शेतावरची. गावच्या शाळेत पोरांना रांधून वाढण्यात माझा जन्म गेला. आता साठी उलटली, नवरा गेला, तरी काका मला अजून 'पोरी'च म्हणतात. मी बरोबर आले, कारण माझ्याकडे रस्ता दाखवणारा फोन आहे आणि त्यांच्याकडे नाही. खरं सांगायचं तर त्यांना एकट्याला सोडलं असतं, तर बोट उचलता उचलता ते स्कॉटलंडला पोचले असते.

आम्ही आलो होतो नेस्टामावशीला घरी न्यायला.

नेस्टा ही काकांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी नर्स व्हायला बर्मिंगहॅमला आली ती इथलीच झाली. नवराही इकडचाच केला. तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि त्यात तिचं इंग्रजीच पुसलं गेलं. ज्या भाषेत तिनं आयुष्यभर रोग्यांना दटावलं, ती भाषा गेली आणि राहिली ती फक्त आमची वेल्श, आईच्या मांडीवर शिकलेली. शहराच्या मधोमध एका वृद्धनिवासात ती होती. तिथल्या मुली प्रेमळ, पण ही काय मागते तेच त्यांना कळेना. हिनं पाणी मागावं आणि त्यांनी उशी आणून द्यावी. शेवटी तिनं बोलणंच सोडलं. जेवणही निम्मं टाकायला लागली. मग तिथल्या बाईंनी एक दिवस हावोदला फोन लावून तो तिच्या कानाला धरला. इकडून काकांनी नुसतं "नेस्टा?" म्हटलं, तर पलीकडे रडं फुटलं.

"घरी ने मला," ती म्हणाली. "जीप घेऊन ये. दारापर्यंत ये, एमरिस. आणि मी पुढे बसणार."

पुढे बसण्याचं मला ठाऊक होतं. त्या जीपमध्ये पुढची जागा बापाची आणि मुलाची. नेस्टा कायम मागे, पेंढ्यात, कोकरांबरोबर. घर सोडून नर्स व्हायला निघाली, तीही मागे बसूनच स्टेशनला गेली. नव्या कोटाला मेंढीचा वास लागला म्हणून आगगाडीत सगळ्यांनी नाकं मुरडली, असं ती हसत हसत सांगायची. 'दारापर्यंत' कशाला म्हणाली, ते मात्र मला कळलं नव्हतं.

पुढे महिनाभर आम्ही दोघं राबलो. खालच्या बैठकीत पलंग लावला. काकांनी न्हाणीघरात धरायला दांड्या ठोकल्या, मी पडदे शिवले, डॉक्टर येऊन बघून गेले. मॉटला जीपमध्ये पुढे बसायची सवय; त्याला मागे बसायला शिकवलं, तर तो आठवडाभर रुसला. आम्हाला वाटलं, आपण सगळा विचार केलाय. त्या ढगाचा तेवढा केला नव्हता.

पाटीवर ढगाचं चित्र होतं. पहिल्या फेरीला ती दिसली, तेव्हा काका म्हणाले, "पुढं पाऊस आहे म्हणतायत का हे?"

मी फोनमध्ये पाहिलं आणि वाचून दाखवलं. या गोल रस्त्याच्या आतली हवा स्वच्छ ठेवायची आहे. धूर सोडणारी जुनी गाडी आत न्यायची असेल, तर त्या दिवसाचे पैसे भरायचे.

काकांनी जीपचा वेग कमी केला. "म्हणजे टोल?"

झालं! हा शब्द निघाला की हावोदमध्ये काय होतं, ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे.

त्यांच्या घरात शेकोटीच्या वर भिंतीवर एक कुऱ्हाड टांगलेली आहे. ती काकांच्या खापरपणजोबांची. त्या काळी आमच्याकडे जागोजागी टोलची फाटकं होती. शेतात टाकायला चुना आणला तरी पैसे, मेंढ्या बाजाराला नेल्या तरी पैसे. तेव्हा गड्यांनी बायकांचे झगे चढवले, तोंडाला काजळी फासली आणि ती फाटकं फोडून काढली. स्वतःला 'रिबेकाच्या पोरी' म्हणवून घ्यायचे. बाकीचे हे शाळेत शिकले. हावोदमध्ये पोर चालायला लागलं की त्याला उचलून कुऱ्हाड दाखवायचे आणि सांगायचे, आपल्यात रस्त्याचे पैसे देत नाहीत. आणि दिले नाहीतच कुणी. खाडीवरच्या मोठ्या पुलावर टोल होता, तोवर काका मेंढ्या घेऊन लांबचा वळसा घालायचे आणि टोलाच्या दुप्पट डिझेल जाळून अभिमानानं घरी यायचे. लोक हसायचे. पण आमच्या खोऱ्यात मिरवावं असं दुसरं आहे काय? पाहुण्यांना आम्ही सगळे ती कुऱ्हाड दाखवायला न्यायचो.

"फाटक कुठंय?" काकांनी विचारलं.

"फाटक नाही. खांबावर कॅमेरा आहे. तो नंबराचा फोटो काढतो."

"फाटकच नाही?" ते खरोखर चक्रावले. "मग मोडायचं काय?"

"काही मोडायचं नाही, काका. मी फोनवरून भरते. तुम्ही तिकडं बघूसुद्धा नका."

"जीप हावोदची आहे, पोरी. कुणीही भरला तरी टोल हावोदनंच भरला."

"बरं, मग इथंच बाहेर थांबू. टॅक्सी करून मावशीला इथवर आणू."

"दारापर्यंत ये म्हणालीये ती."

"मग वळा की आत!"

आणि ते सरळ गेले. असं तीनदा. मी कपाळाला हात लावला. चौथ्या फेरीला जीपलाच आमची कीव आली. पुढून भसाभसा वाफ निघायला लागली, मॉट शिंकायला लागला. रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला टायरचं एक दुकान होतं, त्याच्या दारात काकांनी गाडी घातली.

दुकानाचा मालक झहीर. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, हातात चहाचा मग. माणूस आमच्याकडे आला नाही, आधी जीपभोवती फिरला. पाठ थोपटल्यासारखी तिची मागची बाजू थोपटली.

"चाचा, कुठल्या संग्रहालयातून पळवलीत ही?"

"माझ्या बापानं नवी घेतलीये," काका ताठ्यात म्हणाले. इंग्रजी बोलताना ते एकेक शब्द प्रार्थनामंदिरात वाचायला उभं राहिल्यासारखा उच्चारतात.

"बाप आहे अजून?"

"नाही."

"आणि गाडी आहे! वा रे वा." मग झहीरनं माझ्याकडे बघितलं. "ताई, खरं सांगा, माझं काही चुकलं का? हे तीनदा माझ्या दुकानावरून गेले आणि तिन्ही वेळा मला बोट दाखवून गेले. मी म्हटलं, हा म्हातारा शिव्या तरी कशापायी देतोय?"

मला हसू आवरेना. काका मात्र लाल झाले. आपण शेजाऱ्याला रामराम करत होतो आणि इथं त्याचं हे झालं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी टोपी काढून झहीरची माफी मागितली.

गाडी निवेपर्यंत पाणी घालता येत नव्हतं. झहीरनं जुन्या टायरांवर आम्हाला बसवलं आणि दूध, साखर, वेलदोडा घालून उकळलेला चहा दिला. "हा चहा आहे की पुडिंग?" काका मला आमच्या भाषेत म्हणाले आणि दुसरा मग मागून घेतला. मी तव्यावरचे मनुकांचे केक आणले होते, ते काढले. झहीरनं चौकशी केली, कुठून आलात, कुठं जायचंय. मी निवासाचं नाव सांगितलं.

"अहो, ते तर हाकेवर आहे! त्या रस्त्याला वळलात की आलंच. मग फेऱ्या कसल्या घालताय?"

मी टोलाचं सांगितलं, कुऱ्हाडीचं सांगितलं. झहीर मांडीवर थाप मारून हसला. पण काका हसत नाहीत हे पाहिल्यावर थांबला. काका मगात बघत बसले होते. तसेच ते बोलायला लागले, झहीरला कळावं म्हणून इंग्रजीतच.

"नेस्टाचं लग्न नवऱ्याच्या गावी होतं, नदीपलीकडं. हीच जीप. बाबा, आई, मी. नदीवर जुना लाकडी पूल होता आणि पुलाच्या तोंडाशी एक टोलवाली बाई. तिथं टोल आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडं चर्चचा मनोरा दिसत होता. घंटा ऐकू येत होती. बाबांनी जीप वळवली."

"वळवली?" झहीर म्हणाला.

"वरच्या अंगाला दुसरा पूल होता. तो कुठल्या कुठं. पोचलो, तर नेस्टा नवऱ्याचा हात धरून बाहेर पडत होती. तिला आत घेऊन जायला बाप नव्हता. कुणा शेजाऱ्यानं नेलं."

"रागावली असेल," मी म्हणाले.

"नाही ना. तेच तर. हसली. म्हणाली, आलात ना, पुष्कळ झालं. पण त्यानंतर हावोदला एक रात्र राहिली नाही. यायची, चहा घ्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत." काकांनी मग खाली ठेवला. "मी पुढं बसलो होतो, पोरी, बाबांच्या शेजारी. माझ्या खिशात सुटे होते. मी तोंड उघडलं नाही. आणि वर मला त्याचा अभिमान वाटला. किती वर्षं वाटला!"

झहीर उठला आणि उगाचच जीपच्या पुढ्यात जाऊन हात लावून बघून आला. मला आता 'दारापर्यंत' कळलं. मघा टॅक्सीचं सुचवलं, त्याची मला लाज वाटली.

काका उभे राहिले. टोपी घातली. "फोन काढ, पोरी. भर पैसे."

"नक्की, काका?"

"कुऱ्हाडीला मी बघून घेतो." त्यांनी पाकीट काढलं, नोटा माझ्या हातात कोंबल्या. "आणि तुझ्यातले भरायचे नाहीत. हावोदचेच भरायचे."

खरं सांगते, मला भरून आलं. या माणसाकडे कुऱ्हाडीवाचून दुसरं मिरवायला काय होतं? ना बायको, ना पोर, ना बँकेत काही. तेवढं एक होतं, आणि ते तो एका टायरच्या दुकानात, कुणी मागितलं नसताना काढून देत होता. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला फोनवरची अक्षरं दिसेनात. झहीरनं फोन घेतला, वाकून जीपचा नंबर वाचला, बोटांनी टाकला. मग त्यानं फोनकडे बघितलं, जीपकडे बघितलं आणि परत फोनकडे.

"चाचा, हे मागतच नाहीत."

"काय मागत नाहीत?"

"पैसे. तुमच्या गाडीला माफी आहे. चाळीस वर्षांवरची गाडी ऐतिहासिक म्हणे." झहीरला हसावं की रडावं कळेना. "माझी व्हॅन बारा वर्षांची. तिला रोजचा दंड म्हणून मी ती मोडीत विकली. आणि ही धुराची चिमणी ऐतिहासिक! आता काय बोलायचं माणसानं?"

माझा जीव भांड्यात पडला. मी टाळीच वाजवली. हावोदची लाज राहिली, नेस्टामावशीचं दारही आलं, आणखी काय पाहिजे? मी काकांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"तरी घ्या म्हणावं," ते म्हणाले.

"कुणाला म्हणू?"

"त्या फोनला."

"फोन ऐकत नाही, चाचा. नंबर टाकला की म्हणतो, काही देणं नाही."

"पण मला द्यायचेत!" काकांचा आवाज चढला. मॉट उठून उभा राहिला. "इतक्या वर्षांनी एक माणूस द्यायला आलाय, आणि घेत नाही म्हणजे काय?"

आम्ही दोघांनी परोपरीनं समजावलं. मग त्यांनी त्या नोटा झहीरपुढे धरल्या.

"मी काय सरकार आहे?" झहीरनं त्यांची मूठ मिटवली आणि तिच्यावर स्वतःचा ग्रीसनं काळाकुट्ट झालेला हात ठेवला. "जा. बहिणीला घेऊन या. आणि जाताना मला बोट दाखवून जा, आता मला कळतं."

पाणी घातलं, जीप सुरू झाली. या खेपेला काका डावीकडे वळले. कॅमेऱ्याच्या खांबाजवळ त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि वर बघून एक बोट उचललं. जणू सांगत होते, मी आलो होतो, लिहून ठेव.

नेस्टामावशी दारातच होती. चाकाच्या खुर्चीत, निळा कोट, टोपी, मांडीवर पर्स. सकाळी न्याहारी झाल्यापासून ती तिथून हलली नाही, असं तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मार्सिया नावाच्या बाईनं सांगितलं. जीप अगदी पायरीला लागून उभी राहिली. काका उतरले. मला वाटलं, आता दोघं एकमेकांच्या गळ्यात पडणार. पण नेस्टामावशीनं त्यांना थांबवलं. निम्मं तोंड हलत नव्हतं, शब्द जड येत होते, तरी प्रत्येक शब्द कळत होता.

"एमरिस, या शहरात टोल आहे."

हा टोल लागला तेव्हा तिला झटका यायचा होता, ती या शहरात हिंडतफिरत होती. तिला माहीत असणारच.

"आहे," काका म्हणाले.

"आणि तू दारापर्यंत आलास."

"आलो."

"भरलास?"

या माणसाला खोटं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. बाजारात मेंढीचं वयसुद्धा खरं सांगतो, म्हणून तर त्याला कधी धड भाव मिळाला नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा हात कोटाच्या खिशात होता, जिथं त्या नोटा होत्या.

"भरला," ते म्हणाले.

"सगळा?"

"सगळा."

नेस्टामावशी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग एका डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. "बाबा थडग्यात उठून बसले असतील!" ती म्हणाली आणि परत हसली. मग चांगला हात वर करून तिनं भावाची टोपी ओढली, त्याचं डोकं जवळ घेतलं आणि टकलावर गाल ठेवून बसली.

"काय म्हणतायत त्या?" मार्सियानं मला हळूच विचारलं. तिचेही डोळे भरले होते. "असं हसताना मी कधीच बघितलं नव्हतं त्यांना."

"भावाची टिंगल करतायत," मी म्हणाले.

तिला पुढे चढवायला आम्हाला तिघांना घाम फुटला. जीप उंच, मावशीचा एक पाय कामाचा नाही. शेवटी दुधाच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उलटा ठेवून, काकांनी तिला कोकरासारखं काखेत घालून वर घेतलं. ती बसली. समोरच्या पत्र्यावर हात फिरवला. मागून मॉटनं तिची मान हुंगली.

"मेंढीचा वास येतोय अजून," ती समाधानानं म्हणाली.

घरापर्यंत मी मागे पेंढ्यात, कुत्र्याशेजारी. माझी हाडं खिळखिळी झाली, पण मी तक्रार केली नाही. झहीरच्या दुकानावरून गेलो, तेव्हा पुढे दोन बोटं उचलली गेली, एक काकांचं, एक मावशीचं. झहीरनं दोन्ही हात वर करून हलवले. मग सीमा ओलांडून आमचे डोंगर लागेपर्यंत मावशीचं बोट खाली आलं नाही.

पुढे जे झालं ते मात्र मला फार जड गेलं. नेस्टामावशीनं ही गोष्ट सगळ्या खोऱ्याला सांगितली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, पाद्र्याला, नर्सला, दूधवाल्याला. "माझ्या भावानं माझ्यासाठी टोल भरला." जड जिभेनं, पण छाती फुगवून. आणि आमची माणसं कसली सोडतायत! रविवारी प्रार्थनामंदिराच्या दारात, मेंढ्यांच्या बाजारात, सगळीकडे एकच. "हावोदनं टोल भरला, ऐकलं का?" "काय एमरिस, कुऱ्हाड विकायचीये का?" "खापरपणजोबांचा झगा तरी ठेवलास का तेवढा?" काका खाली मान घालून ऐकून घ्यायचे. एकदा बाजारात मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून गप्प बसले.

मग एक दिवस मावशी म्हणाली, "आता कसली ती कुऱ्हाड भिंतीवर? काढ खाली." काकांनी ती उतरवली, तिला धार लावली आणि मावशीच्या खोलीतल्या शेकोटीसाठी त्याच कुऱ्हाडीनं लाकडं फोडायला लागले. मावशी खिडकीतून बघत बसायची. हिवाळाभर त्या खोलीत जाळ होता. जेवण ती ताट पुसून जेवायची आणि माझ्या पडद्यांना नावं ठेवायची. नर्सच ती.

वसंतात कुंपणं पांढरी फुलली, तेव्हा ती गेली. झोपेत, स्वतःच्या आईच्या घरात.

मातीला सगळं खोरं आलं होतं. नंतर पंधरवड्यानं मी केक घेऊन हावोदला चढून गेले. काका मेंढ्यांकडे निघाले होते. कुऱ्हाड दारात लाकडाच्या ओंडक्यात रुतलेली. वर भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता.

"काका, आता तरी सांगा लोकांना," मी म्हणाले. "मावशी गेली. आता कुणाचं मन दुखायचंय? तुम्ही टोल भरलाच नव्हता. ती कुऱ्हाड परत लावा जागेवर. मी साक्षीला आहे."

त्यांनी केक घेतला, कागद बाजूला करून वास घेतला.

"भरला मी, पोरी," ते म्हणाले.

त्यांनी शीळ घातली. मॉट धावत आला, आणि सवयीनं पुढच्या दाराशी जाऊन शेपूट हलवत उभा राहिला. काकांनी मागचं दार उघडलं. "तुझी जागा मागं," ते त्याला म्हणाले. तो गपचूप मागे पेंढ्यात चढला.

जीप माझ्याजवळून खाली उतरली. पुढच्या सीटवर मावशीची घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. काकांनी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. मीही उचललं.